सपाट दिसणाऱ्या खोऱ्यात अर्धा मीटर शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सखल नदीखोऱ्याचं भूदृश्य-वर्णन करायचं काम हाती आहे. नकाशे चाळून झाले, दोनदा फिरूनही आलात, पण वहीत 'सपाट, मोकळं, हिरवं, शांत' याच्या पलीकडे काही उतरत नाही. शिवाय खोरं कुठे संपतं आणि शेजारचा प्रदेश कुठे सुरू होतो, ती रेषा कशाच्या आधारे आखायची तेही कळत नाही.

डोंगराळ भागात काम केलेल्या माणसाला सखल खोरं नेहमीच मुकं वाटतं. डोंगरात उंची स्वतःहून बोलते. इथे ती कुजबुजते. शंभर मीटरचे फरक शोधणारी नजर बदला आणि अर्ध्या मीटरचे फरक शोधायला लागा. सखल खोऱ्यात कोणती जमीन कोरडी राहते, कुठे वस्ती आहे, कुठे रस्ता जातो, कुठे गवत, कुठे नांगर, कुठे लव्हाळं, हे सगळं या अर्ध्या-एक मीटरवर ठरलेलं असतं. तो फरक एकदा दिसायला लागला की वर्णनाला विशेषणं शोधावी लागत नाहीत.

सुरुवात पुरापासून करा. नदी काठोकाठ भरून बाहेर पडते तेव्हा पात्राबाहेर येताक्षणी पाण्याचा वेग पडतो. सोबतची जाड वाळू आणि भरड पोयटा तिथेच, काठाला लागून बसतो. बारीक चिकणमाती मात्र पाण्यात तरंगत दूर जाते आणि पाणी साचून राहतं तिथे सावकाश खाली बसते. शेकडो पुरांनंतर याचा परिणाम नवख्या माणसाला उलटा वाटेल असा होतो: नदीच्या अगदी काठची जमीन उंच आणि कोरडी, तर नदीपासून दूरची जमीन खोलगट आणि ओली. काठच्या या उंचवट्याला पूरतट म्हणतात. लहान नदीला तो जेमतेम गुडघाभर असेल, मोठ्या नदीला कित्येक मीटर. न्यू ऑर्लिन्स शहर 1718 साली वसलं ते मिसिसिपीच्या अशाच पूरतटावर. 2005 मध्ये कतरिना वादळाने शहराचा बहुतांश भाग बुडाला, पण नदीकाठचा जुना फ्रेंच क्वार्टर बऱ्याच अंशी कोरडा राहिला. नंतरच्या काळात शहर मागच्या खोलगट, उपसून कोरड्या केलेल्या जमिनीवर पसरलं होतं आणि पाणी तिथेच भरलं. पहिल्या वस्तीने कोणती जागा निवडली हे पाहिलं की खोऱ्याचा उठाव निम्मा कळतो.

पूरतटामुळे आणखी एक गोष्ट घडते. बाजूने येणाऱ्या उपनदीला मुख्य नदीत शिरायला वाट मिळत नाही. मग ती मागच्या सखल पट्ट्यातून मुख्य नदीला समांतर, रेंगाळत वाहते आणि खूप खाली कुठेतरी तिला मिळते. याझू नदी मिसिसिपीच्या शेजारून अशीच वाहत जाऊन विक्सबर्गपाशी मिळते. तुमच्या खोऱ्यात एकमेकांजवळून समांतर जाणारे दोन प्रवाह दिसले तर त्यांच्यामधल्या जमिनीवर जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा पायाखाली पूरतटाचा मागचा उतार असतो, आणि पावलागणिक माती वाळूकडून चिकणमातीकडे जात असते.

दुसरा थर जुन्या पात्रांचा. सपाट जमिनीवर नदी एका जागी राहत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ खचतो, आतल्या अंगाला वाळूचे पट्टे वाढतात, वळण फुगत जातं आणि एखाद्या पुरात त्याची मान कापली जाते. मागे राहतं ते नालाकृती सरोवर. पुढे त्यात गाळ भरतो, लव्हाळं माजतं, मग ओलं कुरण होतं, शेवटी शेतातला एक वाकडा ओलसर पट्टा उरतो. उत्तर बिहारात या सगळ्या अवस्था एकाच प्रदेशात पाहायला मिळतात. तिथल्या लोकांनी त्यांना वेगवेगळी नावंही दिली आहेत: तुटलेल्या वळणातलं तळं म्हणजे 'मन', उथळ, पावसाळ्यात भरणारा खोलगट भाग म्हणजे 'चौर'. बेगुसराय जिल्ह्यातलं कांवर सरोवर हे बुढी गंडकच्या जुन्या वळणातूनच झालं. 2020 मध्ये त्याचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. अमेरिकेत हॅरॉल्ड फिस्क यांनी 1944 साली मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातली जुनी पात्रं नकाशांवर वेगवेगळ्या रंगांत दाखवली. ते नकाशे जरूर पाहा. त्यांच्या कालगणनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. तरी खोरं म्हणजे एक नदी नसून नदीने सोडलेल्या वाटांची गुंतवळ आहे, हे त्यांच्याइतकं स्पष्ट फार कमी चित्रांनी दाखवलंय.

शेतात उभं राहून जुनं पात्र ओळखायचं कसं? सगळे बांध सरळ असताना एकच बांध विनाकारण वळलेला दिसतो. शिवाराची हद्द चालू नदी सोडून भलतीकडेच कमान घेते, कारण हद्द ठरली तेव्हा नदी तिथून वाहत होती. पीक एका पट्ट्यात पिवळं पडलेलं असतं किंवा उलट, आजूबाजूचं वाळलं तरी तिथे हिरवं राहतं. एक मोजमापही उपयोगी पडतं: नागमोडी नदीच्या एका पूर्ण वळणजोडीची लांबी साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या 10 ते 14 पट असते. जुन्या वळणाची लांबी आजच्या रुंदीच्या मानाने फारच मोठी निघाली, तर ते वळण आजच्यापेक्षा मोठ्या, जास्त पाणी वाहणाऱ्या नदीचं आहे. 'मोठ्या नदीच्या खोऱ्यात राहणारी लहान नदी' हे एक वाक्य वर्णनात येणं पानभर विशेषणांपेक्षा मोलाचं.

आता हद्दीचा प्रश्न. इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. पहिली, स्थलनिर्देशक नकाशावरची एखादी समोच्च रेषा उचलायची. दोन रेषांमधला उंचीचा फरक वीस मीटरचा असेल तर पूर्ण पूरमैदान दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी हरवलेलं असतं. शिवाय खोरं स्वतः उताराकडे झुकलेलं असल्याने एकच उंची वरच्या टोकाला पात्रात आणि खालच्या टोकाला टेकाडावर सापडते. दुसरी चूक म्हणजे पूररेषा जशीच्या तशी घ्यायची. पूररेषा ही एका ठरावीक शक्यतेच्या पुराची गणिती रेषा असते, नवा बांध झाला की बदलते. भूदृश्याची हद्द अशी दर दहा वर्षांनी हलत नाही.

मी हद्द शोधतो ती सोपानाच्या कडेला. नदीने पूर्वी वरच्या पातळीवर पसरलेला गाळ, मग पात्र खोल गेल्यावर कोरडा राहिलेला मंच, आणि त्याची खालच्या ताज्या गाळाकडे उतरणारी कड. गंगेच्या मैदानात हा भेद शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे: जुना, उंचावरचा, कंकर म्हणजे चुन्याचे खडे असलेला गाळ तो भांगर, दर पुराला नवी भर मिळणारा तो खादर. त्या दोहोंमधली कड काही ठिकाणी दरडीसारखी ठळक, काही ठिकाणी इतकी सौम्य की सायकलवर पायंडल जरा हलकं लागतं एवढाच पुरावा. पण माती तिथे बदलते, विहिरीची खोली बदलते, झाडं बदलतात, घरांची दाटी वाढते. या चारांपैकी तीन गोष्टी एकाच ओळीत बदलत असतील तर रेषा तिथेच ओढा. चारही वेगवेगळ्या ठिकाणी बदलत असतील तर रेषा न ओढता संक्रमणाचा पट्टा दाखवा आणि तसं स्पष्ट लिहा. धूसर हद्द ठळक रेषेने दाखवणं हा नकाशाचा खोटेपणा आहे, आणि पुढे कुणीतरी त्या रेषेवर बोट ठेवून परवानगी मागतोच.

दृष्टीची हद्द वेगळी ठेवा. खोऱ्यातून दिसणारी दूरची टेकडी अनुभवाचा भाग असते, खोऱ्याचा नसते. ती 'परिसर' म्हणून वर्णनात येऊ द्या. खोऱ्याचे लांबीच्या दिशेने तुकडे पाडताना जिल्ह्याच्या सीमा विसरा. मोठा संगम, पात्राला आडवा येणारा खडक, भरतीचं पाणी पोचण्याची शेवटची जागा, हे खरे सांधे.

साधनांबद्दल एक सावधगिरी. 2000 च्या फेब्रुवारीत अवकाशयानातून झालेल्या रडार सर्वेक्षणाची उंचीची माहिती, म्हणजे एसआरटीएम, फुकट मिळते म्हणून सगळे तीच वापरतात. डोंगरात ती उत्तम. सपाट खोऱ्यात तिच्यातली चूकच काही मीटरची असते आणि झाडांची दाटी ती जमिनीची उंची म्हणून दाखवते. नदीकाठची झाडी मग पूरतट म्हणून नकाशात अवतरते. गंगेचा उतार वाराणसीच्या खाली किलोमीटरला सुमारे 15 सेंटीमीटर आहे हे लक्षात घेतलं, तर मीटरभराच्या चुकीचा अर्थ काय होतो ते कळेल. लायडार, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेली उंची, मिळत असेल तर मागे लागून मिळवा. दहा-पंधरा सेंटीमीटरपर्यंतचा उठाव त्यात दिसतो. रंगांची पट्टी मात्र पूर्ण खोऱ्याला एकच लावू नका. आधी खोऱ्याचा उतार वजा करा, म्हणजे नदीच्या पाण्यापासूनची सापेक्ष उंची उरते आणि जुनी पात्रं अचानक उमटतात. लायडार नसेल तर जुने मोजणी नकाशे, ओल असतानाची उपग्रह छायाचित्रं आणि हातातला माती काढायचा ऑगर. पूर ओसरल्यावर लगेच केलेली एक फेरी कोरड्या दिवसातल्या अनेक फेऱ्यांच्या तोडीची, कारण कुठलं पाणी आधी हटलं आणि कुठलं अडून बसलं, यातून जमीन स्वतःचा नकाशा काढून देते.

इथवर भूगर्भ आणि माती झाली. पण भूदृश्य म्हणजे तेवढंच नव्हे. 20 ऑक्टोबर 2000 रोजी फ्लॉरेन्समध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या युरोपीय भूदृश्य कराराने लोकांना जाणवणारा प्रदेश अशीच भूदृश्याची व्याख्या केली आहे, निसर्ग आणि माणूस यांच्या परस्परक्रियेतून घडलेलं ज्याचं स्वरूप. तेव्हा जाणिवेचा भागही तितक्याच काटेकोरपणे नोंदवायला हवा, आणि तो 'निसर्गरम्य' या शब्दाने नोंदवला जात नाही.

मोकळेपणाचं उदाहरण घ्या. सपाट जमिनीवर डोळे 1.6 मीटर उंचीवर असतील तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर येतं. चार मीटरच्या पूरबांधावर चढलात की तेच साडेआठच्या आसपास जातं. म्हणजे एकाच जागी खालचा आणि वरचा अनुभव दोन वेगळ्या भूदृश्यांचा आहे. खाली असताना नदी दिसतच नाही. तिचं अस्तित्व वाळुंजांच्या रांगेवरून, पक्ष्यांच्या हालचालीवरून, सकाळच्या धुक्याच्या पट्ट्यावरून कळतं. नोंद करताना दोन्ही ठिकाणांहून करा आणि नदी 'दिसते' की 'जाणवते' हे वेगळं लिहा. अशा जमिनीवर उभी गोष्ट फार बोलते: देवळाचा कळस वा चर्चचा मनोरा, वीजवाहिनीचा टॉवर, एकटं झाड. आवाजही अडत नाही. दूरच्या महामार्गाची घरघर खोऱ्याच्या शांततेचा भाग आहे की तिला छेद देणारी, हे तिथे उभं राहूनच ठरतं.

आणि काळ. सखल खोऱ्याचं एकाच ऋतूत केलेलं वर्णन अर्धंच असतं. इंग्लंडमध्ये क्रिकलेडजवळ थेम्सकाठी नॉर्थ मेडो नावाचं कुरण आहे. हिवाळ्यात त्याच्यावर पुराचं पाणी फिरतं, वसंतात फ्रिटिलरीच्या फुलांनी ते भरतं, उन्हाळ्यात गवत कापलं जातं आणि 12 ऑगस्टपासून 12 फेब्रुवारीपर्यंत ते सामायिक चराईला मोकळं असतं. पुराचा गाळ खत पुरवतो, कापणी उंच गवताची दादागिरी मोडते, आणि कापणीआधी बी पडून गेल्यामुळे फुलं टिकतात. कोणत्या महिन्यातलं कुरण 'खरं' म्हणायचं? हे चक्रच त्या जागेचं स्वरूप. वर्णनात महिन्यांची नावं आली पाहिजेत: पाणी केव्हा चढतं, केव्हा उतरतं, गुरं केव्हा उतरतात, नांगर केव्हा चालतो.

'नैसर्गिक' हा शब्द लिहिण्याआधी मात्र दहा वेळा थांबा. सखल खोऱ्याइतका माणसाचा हात क्वचितच कुठे फिरला असेल. जर्मन अभियंते योहान टुल्ला यांच्या आराखड्यानुसार 1817 पासून 1876 पर्यंत वरच्या ऱ्हाईन नदीची वळणं कापली गेली. बाझेल ते वर्म्स ही वाट 81 किलोमीटरने कमी झाली. वाट आखूड झाली म्हणजे उतार वाढला, उतार वाढला म्हणजे पाण्याला धार आली, तिने तळ खरवडला, पात्र खाली गेलं आणि आजूबाजूच्या रानाचं भूजलही खाली उतरलं. आज तिथे दिसणारं कोरडं गवताळ रान त्या कापण्याचं फळ आहे. फ्लोरिडातली किसिमी नदी 1962 ते 1971 या काळात 166 किलोमीटरच्या वळणांवरून 90 किलोमीटरच्या कालव्यात बसवली. पूरमैदानातली पाणथळ वाळली, पाणपक्षी गेले, आणि मग 1999 पासून 2021 पर्यंत खर्च करून त्यातला काही भाग पुन्हा वळणांवर आणावा लागला. इंग्लंडच्या फेन्स या सखल, पूर्वी दलदलीच्या प्रदेशात तर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, जमीन निचरा केल्यावर आकसून आणि हवेने कुजून खचत गेली. होम फेन इथे 1851 च्या सुमारास एक खांब माथा जमिनीशी समपातळीत राहील असा गाडला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. त्या प्रदेशात नद्या आता शेतांच्या वरून, बांधांमधून वाहतात. खोरं म्हणजे नदीकडे उतरत जाणारी जमीन, ही व्याख्याच तिथे लागू पडत नाही.

म्हणून प्रत्येक रेषेला विचारा: ही पाण्याने काढली की माणसाने? वाकडी असेल तर बहुधा पाण्याने, सरळ असेल तर माणसाने, आणि सरळ चराला मध्येच एक वाकण असेल तर तिथे माणसाने जुन्या पाण्याची वाट वापरली. कृत्रिम म्हणून कमी दर्जाचं, असं मात्र मुळीच नाही. फेन्समधलीच ऊझ वॉशेस ही सतराव्या शतकात खणलेल्या दोन समांतर पात्रांमधली पट्टी आहे, तीस किलोमीटरहून लांब, हिवाळ्यात पाण्याखाली, उन्हाळ्यात चराईला. पूर्ण माणसाने आखलेली, आणि तरी पाणपक्ष्यांसाठी युरोपातल्या महत्त्वाच्या जागांपैकी एक.

अहवालात पुढे 'बदलाला संवेदनशीलता' असा भाग लिहावा लागेल. तिथे माझा आग्रह एकाच गोष्टीवर असतो: भराव. दोन मीटर भरावाचा रस्ता डोंगरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. सखल खोऱ्यात तो धरण होतो, क्षितिज होतो आणि पूरमैदानाचे दोन तुकडे करतो. भरावाखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्या किती, याहून महत्त्वाचा प्रश्न असा की त्या जुन्या पात्रांच्या जागी आहेत का. बहुतेक वेळा त्या समान अंतरावर असतात, आणि पाणी समान अंतरावरून येत नाही. वाळू-खडीच्या खाणींचं गणित वेगळं. त्या भूजलाखाली गेल्या की तळी होतात, आणि शंभराहून अधिक तळ्यांचा कॉट्सवोल्ड वॉटर पार्क थेम्सच्या वरच्या खोऱ्यात असाच तयार झाला. तो प्रदेश वाईट झालाय असं मी म्हणणार नाही, पण ते आता सखल कुरणांचं खोरं राहिलेलं नाही, वेगळ्याच प्रकारात मोडतं.

आणि नवीन बांधकाम झाकायला झाडांची भिंत लावायची शिफारस कृपया करू नका. अहवालांत ती इतक्या सवयीने येते की कुणी वाचतही नाही. मोकळं असणं हाच ज्या जागेचा गुण, तिथे तीन ओळींची झाडी म्हणजे उपायानेच केलेलं नुकसान. झाडं लावायचीच असतील तर जुन्या पात्राच्या वळणावर, ओल मागणारी लावा. पाण्याची पुसट झालेली रेष निदान पुन्हा दिसेल. याउलट नेदरलँड्सने 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर हाती घेतलेला 'नदीला जागा द्या' हा कार्यक्रम पाहा: तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, पूरमैदान खोल केलं, बाजूची पात्रं उघडली. 1995 मध्ये तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली होती, त्यामुळे हा निर्णय सौंदर्यापोटी झालेला नाही. पण भूदृश्याच्या अंगाने पाहिलं तर हरवलेली रुंदी नदीला परत मिळाली.

शेवटी तुमच्या वहीतलं वाक्य घेऊ. 'सपाट, मोकळं, हिरवं, शांत खोरं' याच्या जागी असं काहीतरी येऊ द्या: 'पूरतटावरून जाणारा गावरस्ता आणि त्याला धरून एका ओळीतली घरं, मागे चिकणमातीचा खोलगट पट्टा, पाणी उशिरा हटतं म्हणून नांगराऐवजी चराई, त्यात तीन जुन्या वळणांचे ओले पट्टे, दोन लव्हाळ्याचे, एक बुजवून शेतात घेतलेला, पलीकडे मीटरभर उंच सोपान, तिथून दाट वस्ती आणि विहिरी, नदी बांधावरूनच दिसते, एरवी झाडांच्या रांगेवरून कळते.' यात एकही स्तुतीचा शब्द नाही, आणि हे वर्णन दुसऱ्या कुठल्या खोऱ्याला चिकटवता येणार नाही. तुमचा मसुदा तयार झाला की हीच चाचणी लावा: नदीचं नाव झाकून तो शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाला वाचायला द्या. त्याला तो आपल्याच खोऱ्याचा वाटला, तर पुन्हा शेतात जा, या वेळी ऑगर घेऊन.